भाजीवर फुकट मागितली जाणारी कोथिंबीर

दोनशे रुपयांची भाजी घेतली की "मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका ना" असे आपण सहज म्हणतो. हे मला मनापासून खटकते, कारण एक जुडी उभी करायला काय लागते ते मी खिडकीतल्या कुंडीत पाहिले आहे.

ज्याला आपण धण्याचे बी म्हणतो ते खरे तर फळ असते आणि त्याच्या दोन अर्ध्या भागांत एकेक बी असते. म्हणून पेरण्यापूर्वी धणे हलक्या हाताने रगडून फोडावे लागतात. उगवायलाच आठ-दहा दिवस जातात आणि काढणीला साधारण ४० ते ४५ दिवस. उन्हाळ्यात ऊन आणि लांबलेला दिवस यांमुळे झाड पाने वाढवायचे सोडून फुलावर येते. त्या दिवसांत जुडी महागते, ती उगाच नव्हे.

ते फूल मात्र एकदा जवळून पाहावे. छत्रीसारख्या फुलोऱ्यात कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि आतल्या बारीक असतात. जिरे, ओवा, बडीशेप, गाजर ही सारी याच कुळातली.

या वनस्पतीचा माणसाशी संबंधही फार जुना आहे. इजिप्तच्या तुतानखामेन राजाच्या सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात धणे सापडले. आपल्याकडे पाणिनीने 'कुस्तुम्बुरूणि जातिः' असे सूत्रच रचले. कुस्तुम्बुरु म्हणजे धणे, आणि आपला 'कोथिंबीर' हा शब्द त्याच घराण्यातला.

स्वयंपाकघरातही आपण तिच्यावर अन्याय करतो. पानांचा वास उष्णतेने लगेच उडतो, म्हणून ती शेवटी घालायची, हे ठीक. पण कोवळे देठ कचऱ्यात का जावेत? वाटणात त्यांचा स्वाद पानांपेक्षा जास्त उतरतो, असा माझा अनुभव आहे. थाई स्वयंपाकात तर मुळेसुद्धा वाटून घालतात. धण्यांचा सुगंध वेगळ्याच तेलाचा, भाजल्यावर खुलणारा. एकाच झाडाचे हे दोन स्वाद एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

आवक वाढून भाव कोसळला की काढणीची मजुरीही सुटत नाही आणि शेतकरी उभ्या पिकात जनावरे सोडतात. त्या दिवसांतही मी जुडी मागून घेतो आणि तिचे पैसे भाजीच्या हिशेबात धरायला मावशींना सांगतो.