थकबाकीदार होण्याची धडपड

सोसायटीच्या वार्षिक सभेत मान खाली घालून बसावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सभासद 24. कोरमला, म्हणजे किमान हजेरीला, दोन तृतीयांश किंवा 20, यातला कमी आकडा लागतो, म्हणजे 16. आलो होतो 7. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली आणि तीच 7 माणसं त्याच 7 खुर्च्यांवर तहकूब सभेसाठी पुन्हा बसली. तहकूब सभेला कोरम लागत नाही.

मी आपलं सहज विचारलं, "मग अर्धा तास आपण वाट कोणाची पाहिली?"

मुलगा पसंत पडल्यावर मुलीकडचे बघतात ना, तसं अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. कमिटीत एक जागा रिकामीच होती. रात्री घरी आलो तो सेक्रेटरी होऊन.

पहिल्याच रविवारी तळमजल्याचे काका आले. "मी आजवर लिफ्टचं बटण दाबलेलं नाही. मी कशाला देऊ लिफ्टचे पैसे?"

मी आदर्श उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक उघडून दाखवलं. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "असं का? मग वापरतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी 5 ते 6 काका प्लास्टिकचं स्टूल आणि पेपर घेऊन लिफ्टमध्ये बसतात. वर जातात, खाली येतात. "पंखा चांगलाय हो आत," मला म्हणाले. "वसूल करतोय." तक्रारी येतात, पण लिफ्टमध्ये पेपर वाचू नये असं उपविधींत कुठेही नाही. मी शोधलंय.

पाण्याचा खर्च मात्र सारखा नाही, तो नळांच्या संख्येवर आणि आकारावर. म्हणून वही घेऊन घरोघरी नळ मोजत फिरलो. माणसं इन्कम टॅक्सवाल्यांपासून सोनं लपवत नसतील इतके नळ लपवतात. एका बाल्कनीत मनीप्लांटच्या मागे एक सापडला. "तो शोभेचा आहे," वहिनी म्हणाल्या. शोभेच्या नळाखाली बादली होती आणि बादलीत कपडे भिजत होते.

सगळ्यात मोठं प्रकरण गळतीचं. 302च्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. गच्चीतून गळलं तर खर्च सोसायटीचा. वरच्याच्या संडास-बाथरूममधून गळलं तर तो संबंधित सभासदांनी बघायचा. म्हणजे काकूंना दुरुस्ती हवी होती आणि 402ला गच्ची हवी होती. 402 आणि गच्चीच्या मधे दोन मजले होते, पण 402चा युक्तिवाद तयार होता, "पाणी कुठूनही येतं." शेवटी मी स्टुलावर चढून, टॉर्च धरून, तोंड वर करून उभा राहिलो. वरून 402चे साहेब ओरडले, "नळ सोडला! पडतंय का?"

एक थेंब नेमका डोळ्यात. "पडतंय!"

"मग ते पावसाचं असेल!"

एप्रिल चालू होता.

मी राजीनामा दिला. कमिटीनं तो शांतपणे ऐकला, चहा मागवला आणि "विषय पुढील सभेत घ्यावा" असं ठरवलं. इतिवृत्त लिहायचं काम सेक्रेटरीचं, तेव्हा हे वाक्यही मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं. असं 4 वेळा लिहिलंय.

मग एका रात्री 1960चा सहकारी संस्था अधिनियम चाळताना, 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात घातलेल्या प्रकरणात मला सुटकेचा दरवाजा दिसला. बिल किंवा नोटीस मिळून 3 महिने उलटले आणि पैसे भरले नाहीत, तर सभासद थकबाकीदार. आणि थकबाकीदाराला कमिटीत राहता येत नाही! थकबाकीची सक्तीची वसुली, जी आधी कलम 101 खाली व्हायची, ती आता 154ब-29 खाली होते, तीही मागे लागू शकते, पण ती लावणार कोण? सेक्रेटरी. व्याज फार तर सरळव्याजानं 21 टक्के. स्वातंत्र्य याहून स्वस्त कुठे मिळतं?

मेंटेनन्स भरणं बंद केलं. नियमात खोट नको म्हणून स्वतःला नोटीसही काढली: "आपणांकडून येणे असलेली रक्कम त्वरित भरावी. आपला विश्वासू." खाली सही केली, आणि पोच म्हणून शेजारी आणखी एक सही केली. कॅलेंडरवर रोज फुली मारत होतो. 2 महिने 27 दिवस झाले. 28व्या दिवशी सकाळी बायको चहा ठेवून म्हणाली, "अहो, बोर्डावर थकबाकीत आपलं नाव! खालच्या काकांनी लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर विचारलं मला. लाज वाटली. रात्रीच भरून टाकले सगळे."

मी कप खाली ठेवला.

"आणि पावती द्या," ती म्हणाली. "शिक्क्यासकट."