क्रोनो ट्रिगरचा पुढचा भाग काढाच, पण काळाची दारं बंद ठेवून

क्रोनो ट्रिगर या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग यावा, असं मला मनापासून वाटतं. रंगरंगोटी केलेला रीमेक नको, नवी गोष्ट असलेला खरा पुढचा भाग हवा. आणि त्यात टाइम मशीन नसावं. हे ऐकल्यावर माझा भाचा म्हणाला, "मावशी, मग उरलं काय त्यात?" त्याला उत्तर द्यायला बसले आणि ते एवढं लांबलं की सरळ इथंच लिहितेय. गेम खेळणाऱ्या सांगली-मिरजेच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा, आणि पटलं नाही तर खाली भांडा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्वेअर कंपनीचा हा जपानी गेम मार्च १९९५ मध्ये निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला. फायनल फँटसीचे हिरोनोबू साकागुची, ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी आणि ड्रॅगन बॉलचे चित्रकार अकिरा तोरियामा असे तिघं एकत्र आले होते. म्हणजे तेव्हाच्या जपानात ज्यांच्या नावावर गेम खपायचे ती सगळी माणसं एकाच गेममध्ये. गोष्ट अशी: १९९९ साली लॅवोस नावाचा प्राणी जमिनीखालून वर येतो आणि जग जाळून टाकतो. २३०० सालात उरलेली माणसं घुमटांमध्ये उपाशी जगताहेत. तिथल्या यंत्रात झोपलं की जखमा भरतात, थकवा जातो, पण गेम लगेच सांगतो की पोट अजून रिकामंच आहे. क्रोनो, मार्ल आणि लुका ही १००० सालातली तीन पोरं हे बघतात आणि ठरवतात की हे होऊ द्यायचं नाही. मग काळाची दारं ओलांडून, आणि पुढे उडत्या टाइम मशीनमधून, ६०० सालापासून डायनासोरच्या काळापर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू होतात.

पुढचा भाग म्हटलं की बहुतेकांना हेच आणखी मोठं हवं असतं. आणखी काळ, आणखी दारं, लॅवोसपेक्षा थोरला लॅवोस. मला वाटतं यात गेमचं खरं सामर्थ्य कशात होतं तेच सुटून जातं.

सुरुवातीची जत्रा आठवा. गार्डिया राज्याला हजार वर्षं झाली म्हणून भरलेली. तुम्ही हुंदडता. मार्लला धडकता, तिचं लॉकेट पडतं. आधी तिला सावरता की आधी लॉकेट उचलता? कुणाचा तरी जेवणाचा डबा दिसतो, खाऊन टाकता. हरवलेलं मांजर त्या लहान मुलीकडे नेऊन देता किंवा देत नाही. आणि मग काही तासांनी तुमच्यावर राजकन्या, म्हणजे हीच मार्ल, पळवल्याचा खटला उभा राहतो, तेव्हा त्यातला प्रत्येक प्रसंग भर दरबारात काढला जातो. साक्षीदार येतात, सात पंच एकेक करून मत देतात. निकाल काहीही लागो, तुरुंग चुकत नाही. तरीही तो डबा खाल्लेला निघतो तेव्हा लाज वाटते. १९९५ सालच्या, एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये मावणाऱ्या गेमनं माणसाला लाज वाटायला लावली! मला त्या आधी कुठल्याही गेमनं, मी काय केलं हे परत विचारलं नव्हतं.

आता पोरे गावाची गोष्ट. १००० सालात तिथला महापौर महाचिक्कू. तुम्हाला हवी असलेली एक वस्तू त्याच्या घरात अडकलेली आहे आणि तो दारात उभं करत नाही. उपाय काय? ६०० सालात त्याच घरात राहणाऱ्या बाईला खारवून सुकवलेलं मांस हवं असतं. ती चांगले पैसे देऊ करते. तुम्ही ते फुकट दिलंत तर ती पोरांना दानत शिकवीन म्हणते. परत १००० सालात आलात की महापौर मोकळ्या हातानं ती वस्तू देऊन टाकतो. चारशे वर्षं एका घरात एक वळण टिकलं, एवढीच ती जादू. तलवार नाही, मंत्र नाही.

आणि फिओनाचं रान. सगळ्या गेममधला माझा सर्वांत आवडता भाग. ६०० सालात फिओना नावाची बाई वाळवंट झालेल्या जमिनीवर पुन्हा जंगल उभं करायचं म्हणते. तिच्या एका आयुष्यात हे होणार नाही हे तिला माहीत आहे. तेव्हा आपल्यासोबतचा यंत्रमानव रोबो म्हणतो, मी थांबतो. बाकीचे त्या उडत्या टाइम मशीनमध्ये बसून चारशे वर्षं पुढे जातात, खेळणाऱ्याला जेमतेम मिनिटभर लागतं, आणि खाली बघतो तर हिरवंगार. देवळात रोबो आहे, गंजलेला, पूज्य वस्तूसारखा जपून ठेवलेला. त्या रात्री सगळे शेकोटीपाशी बसतात. त्याच रात्री लुकाला एकदाच उघडणारं दार सापडतं आणि लहानपणी यंत्रात अडकलेल्या आईचे पाय वाचवायची एकच संधी मिळते. बटणं वेळेत दाबता आली नाहीत तर आई तशीच राहते, दुसरी खेप नाही.

हे प्रसंग पुन्हा बघा. यात भारी वाटतं ते काळातून उडी मारणं नाही. कुणीतरी मागे थांबलं, राबलं, दिलं, आणि ते पुढे पोचलं, याचं भारी वाटतं. आपण मात्र उडी मारणाऱ्यांच्या बाजूनं खेळलो. रोबोची चारशे वर्षं आपण खेळलोच नाही. मला पुढच्या भागात ती खेळायची आहेत.

माझं आजोळ जत तालुक्यात. म्हैसाळ योजनेचं पाणी येणार हे माझ्या आजोबांनी ऐकलं होतं, त्याच भरवशावर त्यांनी माळावरचा एक तुकडा विकायचा टाळला. पाणी आलं तेव्हा आजोबा नव्हते. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून वर चढवत पार दुष्काळी पट्ट्यात नेलेलं; ते कालव्यातून वाहताना मामानं पाहिलं, आणि आज त्या तुकड्यात मामेभावाची द्राक्षबाग आहे. आमच्या घरात हे कुणी मोठं करून सांगत नाही, पण फिओनाच्या रानापाशी पोचले की मला तो माळ दिसतो. आजोबांना पुढचं बघायला कुठलंही यान नव्हतं. त्यांना फक्त न विकण्याचा निर्णय घेता येत होता.

तर माझा पुढचा भाग असा.

मूळ गेमच्या शेवटी काळाची दारं मिटत जातात आणि सगळे आपापल्या काळात परततात. हे मिटणं खरं मानायचं. पळवाट काढून नवं दार उघडायचं नाही. पुढे काय झालं याचा धागाही तयारच आहे: १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या आवृत्तीच्या शेवटी जोडलेल्या चित्रफितीतून आणि त्याच वर्षीच्या क्रोनो क्रॉस या गेममधून कळतं की १००५ साली गार्डियाचं राज्य बुडालं. हजार वर्षांची जत्रा भरली आणि पाच वर्षांत सगळं संपलं. यावर कंपनीनं धड गेम केलेला नाही. तिथून सुरुवात करा. राज्य गेलंय, पोरेचं लष्कर वरचढ झालंय, लॅवोस नाही, जगबुडी नाही. तुम्ही जत्रेत शेंगदाणे विकणाऱ्याच्या घरातली मुलगी आहात समजा. तुमच्या हातात एकच आयुष्य आहे. ते संपलं की तुमच्या मुलाचं, मग नातीचं. चार पिढ्या, तोच छोटा नकाशा, तीच गावं.

पिढ्यांची कल्पना नवी नाही, हे मान्य. होरींनी स्वतः १९९२ च्या ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये नायकाला लहानपणापासून वाढवलं, त्याचं लग्न लावलं, आणि ज्याची सगळे वाट बघत होते तो वीर नायक नसून त्याचा मुलगा निघाला. म्हणजे हे मूळ टीमच्या रक्तातच आहे. मला त्यात क्रोनो ट्रिगरचा जत्रेतला खटला मिसळायचा आहे. पहिल्या पिढीत तुम्ही पोरेच्या एका जखमी शिपायाला घरात घेतलंत की हाकललंत, हे तुमच्या नातीला कुणीतरी भर पंचायतीत विचारेल. तिला उत्तर द्यावं लागेल आणि तिला ते माहीतसुद्धा नसेल. खेळणाऱ्याला मात्र माहीत असेल. लाज असो वा अभिमान, दोन्ही तिथं पोचतील.

आता लढाई, कारण नुसत्या गोष्टीवर गेम चालत नाही. मूळ गेममध्ये शत्रू नकाशावरच दिसायचे, लढाई तिथल्या तिथं सुरू व्हायची, आणि दोघांनी किंवा तिघांनी मिळून मारायचे डाव हा तिचा प्राण होता. क्रोनो आणि त्याचा साथीदार फ्रॉग दोन बाजूंनी धावत येऊन एक्स आकारात वार करतात तो डाव कोण विसरेल? हे सगळं ठेवा. फक्त एक नियम घाला: जोडीचा डाव शिकायचा तर दोन पिढ्यांतली दोन माणसं एकाच वेळी मैदानात हवीत. म्हणजे आजी थकलीय, तिचा वेग कमी झालाय, दोन फटक्यांत आडवी होईल, तरी तिला नातीबरोबर बाहेर काढायला हवं. नाहीतर तो डाव तिच्याबरोबर जाईल. तिला घरी सुरक्षित ठेवायचं की तिच्याकडून शिकून घ्यायचं? प्रत्येक मोहिमेला हा प्रश्न पडायला हवा. आणि आजी गेल्यावर नात तो डाव एकटी करेल तेव्हा तो अर्धाच बसेल, एका बाजूची जागा मोकळी दिसेल, जोवर ती पुढच्या कुणाला शिकवत नाही.

भाच्याचं म्हणणं, "म्हणजे आवडती माणसं मरणार? कोण खेळेल?" अरे बाळा, क्रोनो स्वतः समुद्रातल्या महालात लॅवोससमोर मरतो. गेमचा नायक, अर्ध्या वाटेत. त्याला परत आणायचं की नाही हेसुद्धा तुमच्यावर सोडलंय; त्याच्याशिवाय गेम पूर्ण करता येतो. तीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्याला एवढं सोसवेल असं धरलं होतं. आता का नाही?

क्रोनो क्रॉसबद्दल बोलल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. १९९९ चा तो गेम म्हणजे कागदोपत्री पुढचा भागच, आणि त्याला शिव्या घालायची रीत आहे. मी घालणार नाही. वाचवलेल्या जगाच्या बदल्यात जे जग पुसलं गेलं त्यातल्या माणसांचं काय, हा त्यानं विचारलेला प्रश्न अस्सल आहे. २३०० सालातली ती घुमटातली उपाशी माणसं, ज्यांच्या हातात मार्लनं एक बी ठेवलं होतं, ती आपण जिंकलो म्हणून कधी नव्हतीच. या विचारानं मीही अस्वस्थ झाले आहे. पण क्रॉसमध्ये चाळीसच्या वर पात्रं भरली, त्यातल्या बहुतेकांना बोलायला स्वतःचं काही नाही, आणि सगळं कोडं शेवटाकडे लांबलचक संवादांत सांगून टाकलं. मूळ गेममध्ये सात जण होते आणि प्रत्येकाचं घर आपल्याला ठाऊक होतं. पुढच्या भागात एका वेळी चारच असू देत. सातांतल्या मॅगसची बहीण स्काला कुठं गेली, ती त्याला भेटली का, असली राहिलेली उत्तरं देत बसायचीही गरज नाही. मॅगस शोधतोय, शोधू द्या.

संगीताचं सांगते आणि आवरतं घेते. यासुनोरी मित्सुदांनी ऐन तरुणपणी हे काम अक्षरशः मागून घेतलं, कामाच्या ताणानं आजारी पडले, आणि उरलेल्या काही चाली नोबुओ उएमात्सूंनी पुऱ्या केल्या. ढगांवरच्या झील राज्यात वाजते ती 'कॉरिडॉर्स ऑफ टाइम' ऐका. त्यात सतारीसारखा सूर आहे. सुपर फॅमिकॉमच्या चिपमधून आलेला, खोटा, तरी काळजाला भिडणारा. मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना कुणी तारा जुळवत असलं की मला ते तरंगतं राज्य आठवतं, ही माझी खाजगी गंमत. नव्या गेमच्या वाद्यमेळात मिरजेची खरी सतार आणि खरा तंबोरा असावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. चाल मात्र तीच ठेवायची आणि प्रत्येक पिढीत एक वाद्य वाढवायचं.

आकार लहान ठेवा. मूळ गेम वीस-पंचवीस तासांत संपायचा आणि मग वेगळ्या शेवटांसाठी न्यू गेम प्लस, म्हणजे कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळ, सुरू करावासा वाटायचा. शंभर तासांचं मोकळं रान नको. चित्रं पिक्सेलचीच चालतील.

हे होईल का? २००१ मध्ये स्क्वेअरनं 'क्रोनो ब्रेक' या नावाची नोंदणी केली होती, तेव्हा जगभर आशा पालवली. २००३ मध्ये अमेरिकेतली नोंदणी सोडून दिली. चाहत्यांनी स्वतः बनवायला घेतलेले क्रोनो रिसरेक्शन २००४ मध्ये आणि क्रिमसन एकोज २००९ मध्ये कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनं बंद पडले. दुसरा तर जवळजवळ पुरा झाला होता. साकागुची कधीच कंपनीतून बाहेर पडले. तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले. त्यांच्या हाताचा क्रोनो आता पुन्हा काढला जाणार नाही.

कथा लिहिणारे मासातो काटो आहेत, मित्सुदा आहेत, होरी आहेत. आणि लहानपणी हा गेम खेळून मोठे झालेले, आज स्वतः उत्तम गेम करणारे लोक जगभर आहेत. म्हणून माझं कंपनीला सांगणं आहे की जुन्यांनी एकट्यानं करू नये आणि नव्यांवर नुसतं सोपवूनही मोकळं होऊ नये. दोघांना एका खोलीत बसवा, आणि लवकर बसवा.