तिचं बोलणं संपलं नव्हतं

दुपारपासून डोक्यात नुसतं खदखदून राहिलंय. लेकरू झोपलं, भांडी झाली, आता लिहायला बसले. पोस्ट लांब होणार आहे.

आज जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हा बचत गटांसोबत फील्डवर काम करणाऱ्या लोकांचं नेतृत्व विकासाचं ट्रेनिंग होतं. एसी हॉल, मोठं बॅनर, प्रत्येकीला बॅग आणि डायरी. जेवण चांगलं होतं, तेही सांगते, उगाच नावं ठेवायची म्हणून नाही लिहून राहिले. सकाळी कागदी कपांचा मनोरा रचायचा खेळ झाला, ज्या गटाचा मनोरा उंच त्यातल्या एकाला 'लीडर' म्हणून पुढे बोलावलं. मग उभं कसं राहायचं, आवाज कसा टाकायचा, समोरच्याच्या डोळ्यात पाहून कसं बोलायचं, हे दीड तास. दुपारून यशोगाथा, प्रत्येकीला दोन मिनिटं.

माझ्यासोबत पांढरकवड्याकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, आमची ग्रामसंघाची (गावातल्या बचत गटांच्या संघाची) अध्यक्ष आली होती. कोलाम बाई. घरी कोलामी बोलते, मराठी चांगली येते पण आधी मनात एकदा फिरवून घ्यावी लागते. ती उभी राहिली, नाव सांगितलं, पोडाचं नाव सांगितलं, "आमच्या इकडे हापशी..." एवढं बोलून थांबली. शब्द शोधून राहिली होती. आणि ट्रेनर सरांनी हसत हसत तिच्या हातातला माईक घेतला. "घाबरू नका ताई, हळूहळू जमेल, टाळ्या वाजवा सगळ्यांनी." अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

ती घाबरली नव्हती हो! तिचं बोलणं संपलं नव्हतं!

ही बाई काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून जीव तुटला. तिला पहिल्यांदा पाहिलं ते २०१२ च्या मे महिन्यात. मी कामात नवी, अंगात नुसता दम. पोडावरची एकच हापशी, ती बंद पडलेली. बाया नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं पाण्याचे गुंड भरत होत्या. मी एकटीनं अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, एकटी पंचायत समितीत गेले, बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांपुढे उभी राहिले, पुन्हा गेले, भांडले, आणि आठव्या दिवशी मेकॅनिक नवी साखळी अन् वायसर घेऊन पोडावर हजर. नारळ फोडला, मला ओवाळलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं गेलं. आज शिकवलं ते सगळं मी तेव्हाच करत होते, उभं राहणं, आवाज, डोळ्यात पाहणं, सगळं.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाला माहेरी. बाळाला घेऊन परत आले आणि पोडावर गेले तर बाया पुन्हा नाल्याकडून येताना दिसल्या. हापशी तीन आठवड्यांपासून बंद. मी म्हटलं, अगं अर्ज काहून नाही दिला? हीच, तेव्हा नवीन लग्न झालेली, डोक्यावर गुंड, पाणी कानावरून गळ्यात उतरून राहिलेलं, तशीच उभी राहून म्हणाली, "ताई, तू नव्हती ना. मंग कोण जाईन?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सरळ सांगून राहिली होती. मला मात्र रात्री झोप आली नाही. बाळ रडत होतं म्हणून नाही.

एका वर्षात मी त्या बायांना काय करून ठेवलं होतं? मी यायच्या आधी त्यांची सासू, आजी काय तहानेनं मेल्या होत्या का? कुणीतरी उठत होतं, कुणीतरी जात होतं. मी आले, चांगलं बोलले, आठ दिवसांत काम करून दाखवलं, आणि त्यांचं उठणं बंद केलं. याला नेतृत्व म्हणतात का? आणि आज मला तेच परत शिकवून सर्टिफिकेट देऊन राहिले, फोटोसकट.

तुम्ही बहुतेक सगळे याच कामातले आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. गावात शिरले की आधी खराटा हातात, कुणाला काही न सांगता झाडायला सुरुवात, आणि कीर्तन रात्री. कीर्तनात पण सारखे लोकांनाच प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. आमचं उलटं चाललंय, आधी भाषण, खराटा फक्त २ ऑक्टोबरला.

मेंढा-लेखाला आम्हाला अभ्यास दौऱ्याला नेलं होतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं एवढंसं गोंड गाव, २००९ ला जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय थांबतो. गावचे पुढारी देवाजी तोफा, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण निर्णय त्यांच्या एकट्याचा नसतो. आणि तिकडेच गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत बंग डॉक्टर पतीपत्नींनी काय केलं, गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन दिलं. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ ला ते 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आलं. डॉक्टरनं स्वतःच्या हातातली सुई दुसरीच्या हातात देणं केवढं मोठं आहे, कुणी विचार केला का? ते कसं द्यायचं, कधी द्यायचं, ती चुकली तर आपण काय करायचं, हे ट्रेनिंगमध्ये का नाही शिकवत?

बरं, बोलता यायला पाहिजे, मान्य. साहेबापुढे तोंड उघडलं नाही तर अर्ज फायलीत सडतो, हे मी पण पाहिलंय.

२०१५ ला हापशी परत बंद पडली. यावेळी मी पोडावरच होते आणि ठरवून गप्प बसले. चावडीवर बैठक झाली, मी मागे भिंतीला टेकून. बचत गटाच्या रजिस्टरचं पान फाडलं, सातवी शिकलेल्या एका पोरीनं अर्ज लिहिला. 'महोदय' चुकलं, तारीख राहिली, माझा हात शिवशिवत होता. खाली निळ्या शाईचे अंगठे, एक तर अक्षरांवरच पडला. चौघी जणी काळीपिवळीनं पंचायत समितीत गेल्या, साहेब नव्हते, परत आल्या. दुसऱ्यांदा गेल्या तर तारीख नाही म्हणून अर्ज परत. तिसऱ्यांदा हीच बोलली साहेबांशी, अशीच थांबून थांबून, आणि साहेबांनी ऐकून घेतलं. बावीस दिवस लागले.

आणि खरं सांगते, ते बावीस दिवस मला अजून टोचतात. मी गेले असते तर आठ दिवसांत झालं असतं. एका म्हातारीचा नाल्याच्या उतारावर पाय मुरगळला तेव्हा मी गाडीची चावी उचलली पण होती. मी बरोबर केलं असंच मला वाटते, पण तिच्या पायाकडे पाहून ते म्हणायची हिंमत आजही होत नाही. मे महिन्यातलं पाणी आहे ते, कुणाला शिकवण्यासाठी थांबवून ठेवायची गोष्ट नाही. याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, आणि ट्रेनिंगमध्ये मला यावरच बोलायचं होतं, पण सरांचं पुढचं सेशन वेळेचं नियोजन होतं.

सरांवर पण आता तेवढा राग नाही राहिला. माणूस वाईट नव्हता, पाच वाजता स्वतः येऊन तिला पाणी पाहिजे का विचारून गेला. त्याला खरंच वाटलं असेल की आपण तिला सावरलं. मी पण २०१२ ला तेच केलं होतं, फक्त माझ्या हातात माईकच्या ऐवजी अर्ज होता.

संध्याकाळी एसटीत ती माझ्यासोबत खिडकीशी बसली होती. मी विचारलं, काय सांगणार होती वो तू? बाहेर पाहत म्हणाली, पाना कुठे ठेवतो ते सांगणार होती. मला कळलं नाही. मग तिनं सावकाश सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, आणि मी मध्ये बोलले नाही. आता दर महिन्याला घरटी दहा रुपये जमा करतात. दोन पोरी हापशीचं झाकण खोलून साखळीला ग्रीस लावतात, नट कसतात, म्हणून मेकॅनिक बोलवायची वेळ कमी येते. पाना आधी तिच्याच घरी राहायचा, अध्यक्ष म्हणून. पण तिच्या लक्षात आलं की ती वावरात गेली की बाया दारातून परत जातात, तिचा नवरा असला तर मागत नाहीत.

"मंग अंगणवाडीत खिळ्यावर टांगला," म्हणाली. "घरी ठेवला का तो माह्या घरचा होते."