मिस्टर सौभाग्यवती

"अंकल, घर में कोई यंग पर्सन है क्या?"

परवा रात्री साडेअकराला, बावन्न मिनिटं फोनवर ताटकळल्यावर, एका विमान कंपनीच्या पोराने मला हे विचारलं. तिकडे भारतात सकाळचे नऊ. पोरगा चहा पिऊन ताजातवाना. मी एकाहत्तर वर्षांचा. त्यातली तेहतीस वर्षं इथे न्यू जर्सीत मेनफ्रेमवर, म्हणजे खोलीभर पसरणाऱ्या जुन्या संगणकांवर, कोबॉल भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात घालवलेली. विमानांची आरक्षणं संगणकावर पहिल्यांदा आली ती १९६०च्या दशकात, असल्याच अवाढव्य यंत्रांवर. म्हणजे नात्याने मी त्याच्या सिस्टिमचा काका लागतो, हे कबूल. पण म्हणून अंकल?

झालं होतं एवढंच. दरवर्षीसारखं नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याला जायचं, म्हणून ऑगस्टातच नेवार्क-मुंबई तिकिटं काढायला बसलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, 'हे भाडं अजून ४ मिनिटं १२ सेकंद.' त्या धसक्यात बायकोच्या नावाआधीची यादी उघडताना बोट घसरलं. पैसे भरले, ई-मेल आली. त्यात आडनाव, मग तिरकी रेघ, मग तिचं नाव, त्याला चिकटून माझं नाव आणि सगळ्याच्या शेपटीला 'एमआर'. पंचेचाळीस वर्षांची सौभाग्यवती एका बोटाने मिस्टर करून टाकली.

म्हणून फोन.

"सर, सेकंड पॅसेंजर मेल है?"

"नाही, म्हणजे नहीं. वाइफ है."

"तो फिर मिस्टर क्यों लिखा?"

"गलती हो गया."

"किसने लिखा, सर?"

हा प्रश्न चूक दुरुस्त करायला कशासाठी लागतो ते मला अजून कळलेलं नाही. "मैंने," म्हणालो. पलीकडे कीबोर्ड बराच वेळ वाजला. कबुलीजबाब नोंदवला असावा.

"पॅसेंजर से बात करवाइए. कन्फर्म करना पड़ेगा."

स्पीकर लावला. बायको भाजी निवडत होती. रात्री साडेअकराला ती भाजी का निवडते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

"मॅडम, आप मिस्टर हैं या मिसेस?"

"भैया," ती मेथीची काडी मोडत म्हणाली, "इस घर में सब मैंच करती है. मिस्टर रखा तो भी चलेगा."

त्या दोघांचं तिथून जे जमलं, ते काही विचारू नका. तो हसला, ही हसली. त्याने मेथीचे भाव विचारले. हिने एडिसनच्या ओक ट्री रोडवरचे सांगितले, तो "बाप रे" म्हणाला. मी तिसरा पॅसेंजर. शेवटी माझी आठवण झाली तेव्हा त्याने सांगितलं की टायटल बदलता येत नाही, तिकिटं रद्द करून नवी काढा.

इथे मला वाटलं, आता सापडला! अमेरिकेतला नियम मला पाठ आहे. विमान कंपनीकडून थेट, उड्डाणाच्या सात दिवस किंवा त्याहून आधी काढलेलं तिकीट चोवीस तासांत फुकट रद्द होतं. मी त्याला तो सुस्पष्ट इंग्रजीत ऐकवला.

"हां अंकल, कॅन्सल फ्री है. नया टिकट फ्री थोड़ी है."

सरचा अंकल झाला तो या क्षणी. आणि मी बावन्न मिनिटं त्यांची बासरी ऐकत होतो तेवढ्यात भाडं माणशी १८६ डॉलरनी वर गेलं होतं. मग लिंक पाठवतो म्हणाला, आणि मग तो यंग पर्सनचा प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून मेथी बोलली, "नहीं भैया, हमारे यहाँ यही है."

१९८४ साली अमेरिकेत आलो तेव्हा न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये तिकिटांचा एक एजंट होता. फोन केला की आधी आईची तब्येत विचारायचा, मग तारीख. आठवड्याने पाकिटातून लाल कार्बनचं तिकीट यायचं. तोही कापायचाच, पण आईची चौकशी करून. कागदी तिकिटं २००८ साली बंदच झाली.

पुण्यात हे सांगायची सोय नाही. "तुम्हाला काय, डॉलरमध्ये पेन्शन!" अहो, ती पेन्शन डिसेंबर बघून फुगत नाही. डिसेंबरात शाळांना सुट्ट्या लागतात, भाडी भडकतात, म्हणून आम्ही नोव्हेंबरात निघतो. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, भारतात चालत नाही, म्हणून प्रवासाचा विमा वेगळा. एवढं करून पोचायचं आणि पहिला आठवडा बंद फ्लॅटमधल्या उंदरांच्या लेंड्या झाडायच्या. आई होती तोवर येण्याची तारीख विचारली जायची. आता पुतण्या विचारतो ती परतीची. आपुलकीनेच विचारतो, असं बायको म्हणते. तिचं सगळ्यांशीच जमतं.

असो. ३७२ डॉलर जादा भरले. या वेळी तिकिटं बायकोने काढली, चष्म्याशिवाय, तीन मिनिटांत. तिच्या शेपटीला 'एमआरएस' आलं.

आज सकाळी नवी ई-मेल आली. माझ्या नावापुढे विनंती नोंदवलेली, व्हीलचेअर. मी मागितली नव्हती. त्या पोराने परस्पर चढवलेली. मी रोज तीन मैल चालतो! तावातावाने फोन उचलला, पुन्हा तीच बासरी सुरू झाली.

"अहो, ठेवा तो फोन," बायको म्हणाली. "असू दे खुर्ची. रांग वाचेल, आणि माझी हातातली बॅग तुमच्या मांडीवर मावेल."