दहापैकी दहा द्या म्हणे!

आज दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि सर्व्हिस सेंटरच्या पोराचा फोन. "मॅडम, तुम्हाला कंपनीकडून कॉल येईल. फक्त दहापैकी दहा सांगा हं. नऊ दिले तरी आमचं रेटिंग पडतं." गाडी कशी चालतेय, हा प्रश्न नाही. परत गरम झाली का, हाही नाही. दहा द्या! जेवण गेलंच नाही मला. घरी आल्या आल्या लिहायला बसलेय, मोठं होणार आहे, पण वाचा.

आमची गाडी उन्हाळा सुरू झाल्यापासून गरम होत होती. हायवेला काही त्रास नाही. सिंहगड रोडला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की काटा वर चढायचा आणि नेमकी तेव्हाच एसीची हवाही कोमट यायची. गाडी पळायला लागली की दोन्ही आपोआप जागेवर. हे मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला अगदी याच शब्दांत सांगितलं. तो टॅबवर बोटं फिरवत होता. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "सरांना फोन लावून देता का? त्यांच्याशी बोलून घेतो."

गाडी माझ्या नावावर. हप्ता माझ्या पगारातून. रोज चालवते मी. सर काय सांगणार होते?

जॉब कार्डाची, म्हणजे गाडीचं काय काम करायचं ते लिहिलेल्या कागदाची, प्रत मिळाली, त्यावर दोन ओळी. 'कूलंट चेक' आणि 'एसी कूलिंग कमी'. ट्रॅफिकमध्ये होतं, पळाल्यावर थांबतं, दोन्ही एकदमच होतं, यातलं एक अक्षर नाही. मी म्हटलं, मी सांगितलं तसं लिहा. "मॅडम, सिस्टिममध्ये एवढंच येतं."

आणि मग त्या दोन ओळींची दोन वेगळी कामं झाली. पहिल्या ओळीवर थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलला. दुसऱ्या ओळीवर एसीचा गॅस भरला. वर कुणीही न सांगितलेलं 'इंजिन ड्रेसिंग' आणि एसीत मारायचा कसला तरी स्प्रे. मजुरीवर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून सतरा हजारांच्या पुढे. "टेस्ट ड्राइव्ह घेतली मॅडम, बायपासला मस्त पळवून आणली, एकदम ओके." अरे, बायपासला पळवल्यावर ओकेच असणार ना! पळताना काही होत नाही हेच तर मी तुला सांगत होते!

त्यानंतरच्या रविवारी आईला घेऊन साताऱ्याला निघाले. खंबाटकी चढताना पुढे ट्रकांची रांग, पहिल्या गिअरमध्ये सरकणं, मे महिन्यातलं अकराचं ऊन. अर्ध्या घाटात एसी कोमट झाला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. मग काटा. मग लाल दिवा. कशीबशी कडेला घेतली, बॉनेटखालून वाफ यायला लागली होती. मागच्या टेम्पोतला माणूस न सांगता उतरला आणि आधी मागच्या चाकांना दगड लावले. "झाकण उघडू नका ताई, भाजाल," एवढं सांगून गेला. आईचे गुडघे धड नाहीत. तिला उतरवून कठड्यापाशी सावलीत बसवलं, तर ती मलाच म्हणते, "तू पाणी पी आधी." सर्व्हिस सेंटरला फोन लावला. रविवार आहे, टोइंगचा नंबर मेसेज करतो, म्हणाले. तो मेसेज आजतागायत आलेला नाही.

शेवटी पारगाव-खंडाळ्याहून एक मिस्त्री मोटरसायकलवर वर आला. त्याने पहिली गोष्ट काय केली माहितीये? मला विचारलं. "कधी तापते? चालताना का थांबल्यावर?" मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, ट्रॅफिकमध्ये आणि एसीही तेव्हाच जातो. ऐकल्या ऐकल्या म्हणाला, "मग फॅन बघू." इंजिन जरा निवू दिलं, पाणी भरलं, मला गाडी चालू करून एसी लावायला सांगितला आणि कान देऊन उभा राहिला. काहीच आवाज नाही. पंखा जागचा हलत नव्हता. गाडी बंद करून त्याने पंख्याच्या वायरीचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढरं प्लास्टिक एका बाजूने वितळून तपकिरी झालेलं, आतली एक पिन जळून काळी. नखाएवढी पिन हो! त्याने पंखा बॅटरीवरून डायरेक्ट करून दिला, "साताऱ्याला पोचा निवांत, नंतर कपलर बदलून घ्या, पंखा असा कायम चालू ठेवू नका" म्हणाला. पाचशे रुपये मागितले. आईने त्याच्या हातावर जास्तीचे शंभर ठेवले, तर घेईना.

मी काही मेकॅनिक नाही, पण हे आता मला झोपेतसुद्धा सांगता येईल. गाडी पळत असते तेव्हा वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो. थांबली की वारा नाही, मग सगळं काम विजेच्या पंख्याचं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे त्याचा गॅस थंड करणारी जाळी, त्याच रेडिएटरच्या पुढ्यात असतो, त्यालाही तोच पंखा. म्हणून दोन्ही एकदम. माझ्या एका वाक्यात अख्खं दुखणं होतं. ते वाक्य जसंच्या तसं कार्डावर आलं असतं तर आत काम करणाऱ्या कुठल्याही फिटरने आधी पंखा बघितला असता. पण फिटरपर्यंत पोचलं काय? 'कूलंट चेक'. त्याचा काय दोष? त्याला मी दिसतच नाही. मी काचेच्या अलीकडे, सोफ्यावर, मशीनची कॉफी घेऊन. तो पलीकडे. मध्ये हा टॅबवाला, ज्याला गाडीतलं किती कळतं देव जाणे, पण बिलात काय बसतं ते बरोबर कळतं.

त्यांच्याकडे स्कॅनर असतात, खास हत्यारं असतात, वॉरंटीचं काम तिथेच होतं, मान्य. बाहेरच्या गॅरेजांतही लुटणारे आहेत, तेही मान्य. पण स्कॅनर कसला घेऊन बसलात, जर पंखा फिरतो की नाही हे डोळ्यांनी बघत नसाल?

परत आल्यावर गाडी घेऊन गेले तर काय ऐकवलं? "मॅडम, बाहेरच्याने वायरिंगला हात लावलाय, आता वॉरंटीत प्रॉब्लेम येऊ शकतो." घाटात आईला बसवून तुमच्या मेसेजची वाट बघत बसायचं होतं का मी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही वॉरंटीची भीती आपल्याला किती वर्षं घालताहेत हे लोक! २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, तो अशाच गोष्टींसाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्यायची नाही, बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटीचा धाक. कंपन्या अपिलात गेल्या, ते पुढचं रामायण वेगळं. पण आपल्या मनातली भीती तशीच आहे. कपलर त्यांनी बदलला, त्याचंही बिल लावलं. वॉटर पंप मग कशाला बदललात, विचारलं तर म्हणे "तोही वीकच होता". जुना पंप दाखवा म्हटलं. स्क्रॅपमध्ये गेला. अर्थातच गेला!

आणि आज दहा मागतात.

कंपनीचा कॉल चारच्या सुमारास आला. मी शून्य सांगितलं, आणि का तेही सांगितलं. पलीकडच्या बाईने "नोंद घेतली" म्हणून पुढचा प्रश्न विचारला. लाउंजमधली स्वच्छता कशी वाटली?

सहा वाजता त्या पोराचा पुन्हा फोन. ओरडेल असं वाटलं होतं. आवाज रडवेला. "मॅडम, माझा इन्सेंटिव्ह गेला या महिन्याचा. घरी पैसे पाठवायचे असतात." तेवीस-चोवीसचा असेल. बोलण्यावरून मराठवाड्यातला. सकाळी नवाला ओळीने गाड्या उभ्या असतात, त्याने प्रत्येकीला दहा मिनिटं द्यायची, त्यात महिन्याला इतके स्प्रे आणि इतकी कोटिंगं विकायचं टार्गेट. माझा राग त्याच्यावर नाही रे बाळा, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. कारण मग मी दहा दिले असते, आणि कुणाच्या तरी आईला पुन्हा घाटात बसावं लागलं असतं. त्याच्या पगाराची दोरी माझ्या जिभेला बांधणारा माणूस वर एसीत बसलाय. खोटे दहा जमा करून त्याच्या भिंतीवर ढाली लागतात. खरं काय झालं हे ऐकायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही, आणि ऐकलं नाही तर दुरुस्त काय करणार, डोंबल?

तेव्हा मैत्रिणींनो, मित्रांनो, ओटीपी सांगायच्या आधी, सही करायच्या आधी, तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्या कार्डावर उतरलंय का ते वाचा. सिस्टिममध्ये येत नसेल तर पेनाने लिहायला लावा, त्याचा फोटो काढा. बदललेला जुना भाग परत हवा, हेही तिथेच लिहा. गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हला स्वतः बसा, आणि जिथे बिघाड दिसतो तिथेच न्या, मग ते ट्रॅफिक का असेना. आणि बायांनो, "सरांशी बोलतो" म्हटलं की तिथल्या तिथे सांगा, माझ्याशीच बोला.

तक्रारीचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. वेळ जातो, हेलपाटे पडतात, सगळं खरं. नवरा म्हणतो, सोडून दे, सतरा हजारांसाठी किती डोकं लावणार. मी सोडणार नाहीये.

पंप, थर्मोस्टॅट आणि गॅसचे पैसे परत मागणारं पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने जातंय, डीलरला एक आणि कंपनीला एक. सोबत दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती आणि त्या जळक्या कपलरचा फोटो. पंधरा दिवसांची मुदत दिलीये. पुण्याच्या आयोगात कुणी गाडीच्या दुरुस्तीचा दावा स्वतः चालवला असेल तर मला मेसेज करा, अर्ज कसा लिहिला ते बघायचंय.