बाटली भरलेलीच घरी जाते

शाळेतलं आरोग्य म्हटलं की आपल्याला शिबिर आठवतं. बॅनर, वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता, पाहुण्यांचा सत्कार. फोटो ग्रुपवर पडले की झालं. शिबिरांना माझा विरोध नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून शाळांमध्ये येतायत आणि घरच्यांना माहीतही नसलेलं दुखणं त्यांच्या तपासणीत सापडतं. (फक्त पथक दिवाळीनंतर आलं, की आमच्या बीडकडची बरीच पोरं आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांचं कोण तपासणार, ते वेगळंच.) पण तपासणीचा दिवस वर्षातनं एक. बाकीच्या दिवसांचं काय?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वरच्या वर्गातल्या मुलींच्या बाटल्या कधी बघा. सकाळी गळ्यापर्यंत भरलेल्या आणि शाळा सुटतानाही तशाच. एकीला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, पाणी पेलं की मंग जावं लागतंय."

जायला जागा नाही असं नाही. शौचालय आहे, रंगवलेलं आहे, भिंतीवर हात धुवायचं चित्रसुद्धा आहे. आत नळ आहे, नळाला पाणी नाही. बोअर आटलेला, नाहीतर वीजबिल थकलं म्हणून मोटार बंद. कडी तुटलीय, म्हणून एक जण आत गेली की दुसरी बाहेर दार ओढून धरते आणि तिसरी पोरांना हाकलते.

मग काय होणार? दुपारी डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते. घरी सांगायची लाज. पाळीच्या दिवसांत तर सरळ दांडी. आठवड्याची लोहाची निळी गोळीसुद्धा या मुली घोटभर पाण्यावर ढकलतात. उन्हाळ्यात, पारा चाळीशीच्या पुढं गेल्यावरही तेच. आणि आपण म्हणतो, पोरींचं अभ्यासात लक्ष नाही!

मुलामुलींसाठी वेगळं शौचालय आणि पिण्याचं पाणी हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पैसाही अगदीच नाही असं नाही. शाळेला दरवर्षी खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले होते. अडतं ते पुढं. टाकी कोण भरणार, कडी कोण बसवणार, रोज झाडणार कोण? आमच्याकडं शिपाई नाही. आणि हे काम पोरांच्या, त्यातही पोरींच्याच, गळ्यात मारायला माझा ठाम नकार आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या आयांना माझं सांगणं आहे, पुढच्या बैठकीला आलात की आधी मुलींच्या शौचालयात जाऊन या. नळ सोडून बघा, कडी लावून बघा. सह्या मग करा.