माझी केबिन मला परत द्या

आईला घेऊन अलास्काच्या क्रूझला निघालेय. परवा रात्री क्रूझ कंपनीची मेल आली, ‘अभिनंदन, तुमचं अपग्रेड झालं!’ वाचली आणि डोकं सणकलं. आठव्या मजल्यावरची, उजव्या बाजूची बाल्कनीची केबिन, सात महिन्यांपूर्वी नंबर बघून घेतलेली, परस्पर काढून घेतली. बदल्यात दिली सहाव्या मजल्यावरची, डावीकडची. का, तर ती जहाजाच्या मधोमध येते, म्हणून तिचा कॅटेगरी कोड, म्हणजे कंपनीच्या यादीतला दर्जा, वरचा. तो कोड घेऊन मी काय करू?

डेक प्लॅन मोठा करून बघितला. बाल्कनीच्या खाली लाइफबोटींची रांग. त्याच केबिनचे प्रवाशांनी काढलेले फोटो शोधले, तर बोटींची नारिंगी छपरं कठड्याच्या उंचीला आलेली. उभ्या माणसाला दिसेल हो पलीकडचं. पण माझ्या आईचे गुडघे गेलेत. वरच्या डेकवर बोचऱ्या वाऱ्यात गर्दीतून वाट काढत तास-तास उभं राहणं तिला जमणार नाही, म्हणून तर बाल्कनी घेतली! खुर्चीत शाल पांघरून बसेल आणि समोर हिमनदी बघेल, एवढंच हवं होतं. आता ती खुर्चीत बसून बोटीचं छप्पर बघणार.

फोन केला. पन्नास मिनिटं होल्डवर. मग बाई म्हणतात, “मॅडम, दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं.” अहो, ग्लेशियर बे या अलास्कातल्या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर जहाज गोल फिरवतात, हे मलाही ठाऊक आहे. तो खेळ तासाभराचा. आमची फेरी कॅनडातल्या व्हँकुव्हरहून अलास्कातल्या व्हिटियरला, उत्तरेकडे जाणारी. ग्लेशियर बेमधून बाहेर पडलं की फेअरवेदरची डोंगररांग उजवीकडे. 4,671 मीटरचा डोंगर जवळजवळ समुद्रातूनच उठलेला, आणि डावीकडे नुसता पॅसिफिक. हे मी त्यांना समजावून सांगायचं? विकतात त्या!

आणि ‘अपग्रेड नको’ असा पर्याय असतो, तो निवडायला हवा होता म्हणे. कुठे असतो? बुकिंगच्या तिसऱ्या पानावर, ‘अपग्रेड चालेल’ अशी आधीच टिक करून ठेवलेली चौकट, ती आपण काढायची. माझ्या गैरसोयीला माझीच संमती!

एकूण या धंद्याचीच मला चीड आहे. मागे एकदा ‘हिमनदी दर्शन’ वाचून पैसे भरले होते. माहितीपत्रकावर फोटो मार्जरीचा, आणि जहाज गेलं एंडिकॉट आर्म या दुसऱ्याच खाडीत. तिथली डॉझ हिमनदी सुंदरच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही, पण दाखवायचं एक आणि न्यायचं दुसरीकडे? ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, परवानगी सगळ्यांना नसते. मग तसं स्पष्ट लिहा ना! सिअ‍ॅटलहून निघून तिथेच परतणाऱ्या माझ्या बहिणीला कॅनडातलं व्हिक्टोरिया ‘बोनस’ म्हणून विकलं. पोहोचले रात्री आठला, बागा बंद, दुकानं बंद. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अशा फेरीत मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, 1886 चा अमेरिकन कायदा आहे तसा. कायद्याची सक्ती आणि नाव बोनस! आणि एकट्याने जायचं म्हटलं की दोघांचं भाडं. मैत्रीण दोन वर्षं पैसे साठवतेय.

बर्फ दाटला म्हणून जहाज हबर्ड हिमनदीच्या जवळ गेलं नाही, तर मी कप्तानाला एक शब्द बोलणार नाही. धुकं आलं, पाऊस आला, मुकाट्याने बसेन. निसर्गाशी माझं भांडण नाही. 1794 मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं ग्लेशियर बेला पोहोचली, तेव्हा ही खाडी जवळपास अख्खी बर्फाखाली होती. आज त्या जागी शंभर किलोमीटर पाणी आहे. ते आईला दाखवायचं म्हणून नकाशे घेऊन रात्री-रात्री बसले मी. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर कुठे चढतात, जहाज किती वाजता आत शिरतं, सगळं तिला वाचून दाखवलं. ती रोज विचारते, “आपली खोली उजवीकडची ना गं?” अजून तिला सांगितलेलं नाही.

काल साइटवर बघितलं. आमची जुनी केबिन, तोच नंबर, विक्रीला लागली आहे. दोनशे चाळीस डॉलर जास्त.